आपलेच, वेगळ्या घडीचे

१९५७ साली मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेचे प्रमुख फ्रँक मॅकफर्लेन बर्नेट यांनी जेमतेम काही पानांचा एक लेख लिहिला आणि ऑस्ट्रेलियाबाहेर फारशा कुणाच्या हाती न पडणाऱ्या एका नियतकालिकात तो छापायला दिला. आपले शरीर आपले काय आणि परके काय हे कसे ओळखते, या प्रश्नाचे उत्तर त्या लेखात होते. प्रत्येक लसिकापेशी एकाच आकाराला प्रतिसाद देण्याची क्षमता घेऊन जन्माला येते. जी पेशी आपल्याच शरीराच्या घटकावर उठेल, तिला वाढू दिले जात नाही. उरलेल्यांपैकी जिला तिचा परका आकार भेटेल, तिचे कुळ वाढते आणि त्यातून प्रतिपिंडे तयार होतात. पीटर मेडावार यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून या सहिष्णुतेचा पुरावा आधीच दिला होता. १९६० मध्ये दोघांना मिळून नोबेल मिळाले.

त्याच १९५७ च्या मार्चमध्ये कार्लटन गायदुशेक हा तरुण अमेरिकन बालरोगतज्ज्ञ पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात पोचला. तोवर तो बर्नेट यांच्याच संस्थेत पाहुणा संशोधक होता. व्हिन्सेंट झिगास या सरकारी डॉक्टरने त्याला फोरे लोकांच्या वस्त्यांमधले रुग्ण दाखवले. चालताना तोल जायचा, अंग थरथरायचे, काही महिन्यांत बसणे आणि मग गिळणेही अशक्य व्हायचे. रुग्णांत बायका आणि मुलेच अधिक. लोक या आजाराला कुरू म्हणत आणि तो करणीचा प्रकार मानत. पुढे शर्ली लिंडनबाम आणि रॉबर्ट ग्लास या मानववंशशास्त्रज्ञांनी तिथे राहून, वंशावळी आणि आठवणी जुळवून दाखवले की ही साथ फोरे लोकांत काही दशकांपूर्वीच आली होती, आणि मृत आप्तांचे देह खाण्याच्या अंत्यविधीतून ती पसरत होती. त्या विधीत मेंदू बायकांच्या आणि लहान मुलांच्या वाट्याला येई. आपल्या माणसाला मातीत किड्यांच्या हवाली करण्यापेक्षा स्वतःच्या देहात सामावून घेणे त्यांना मायेचे वाटे. हे वाचताना किळस वाटणाऱ्याने त्या मायेचाही विचार करावा.

गायदुशेकला बुचकळ्यात टाकले ते रुग्णांच्या अंगात जे सापडत नव्हते त्याने. ताप नव्हता. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या. रक्तात नवी प्रतिपिंडे नव्हती. साथ पसरते तशी ती पसरत होती, पण शरीराला साथीची खबरच नव्हती. अमेरिकेत मेंदूचे नमुने तपासणाऱ्या ईगॉर क्लात्झो यांना नासलेल्या चेतापेशी आणि प्रथिनांचे साचलेले ठिपके दिसले, पण जंतूशी लढताना जमते तशी पेशींची गर्दी दिसली नाही.

हे दोन प्रसंग मला शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. एकाच संस्थेतून, एकाच वर्षी, एकाने ‘आपले’ आणि ‘परके’ यांची सीमा शास्त्रात आखली आणि दुसरा त्या सीमेवरून निःशंक चालत जाणाऱ्या रोगासमोर उभा राहिला. त्या वेळी दोघांनाही हा संबंध दिसण्याचे कारण नव्हते. तो उलगडायला चाळीस वर्षे लागली. उंदरांची प्लीहा, मेंढ्यांची कास आणि एका इंग्रज रुग्णाचे अपेंडिक्स, इतक्या दूरच्या गोष्टी त्यासाठी एकत्र याव्या लागल्या.

रोगाच्या कारणाची हकिगत अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून इथे थोडक्यात. १९५९ मध्ये विल्यम हॅडलो या पशुवैद्याने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून कळवले की कुरूचा मेंदू हुबेहूब स्क्रेपी झालेल्या मेंढीच्या मेंदूसारखा दिसतो. स्क्रेपी युरोपातल्या मेंढपाळांना अठराव्या शतकापासून माहीत होती. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये क्विये आणि शेल यांनी ती एका मेंढीतून दुसरीत नेऊनही दाखवली होती, मात्र लक्षणे दिसायला वर्षाहून अधिक काळ थांबावे लागले. १९६६ मध्ये गायदुशेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुरू चिंपांझींमध्ये संक्रमित झाल्याचे दाखवले. १९६७ मध्ये तिक्वा आल्पर यांनी दाखवले की विषाणूचे न्यूक्लिक आम्ल नष्ट करणाऱ्या किरणांनी स्क्रेपीचा संसर्ग मरत नाही. त्याच वर्षी जे. एस. ग्रिफिथ या गणितज्ज्ञाने सुचवले की नुसते प्रथिनही स्वतःसारखे दुसरे घडवू शकेल. १९८२ मध्ये स्टॅनली प्रुसिनर यांनी त्या संसर्गकाला प्रायॉन हे नाव दिले. नंतर कळले की हे प्रथिन मेंढीत किंवा माणसात बाहेरून येणारे नव्हेच. ते घडवणारे जनुक प्रत्येक सस्तन प्राण्याच्या पेशीत असते. अमिनो आम्लांचा क्रमही तोच. फरक एवढाच की निरोगी प्रथिनाची घडी एक आणि रोगी प्रथिनाची दुसरी. ही दुसरी घडी पहिलीला भेटली की तिलाही आपल्यासारखे करून घेते.

आता बर्नेट यांचा लेख पुन्हा उघडून पाहा. लसिकापेशींना लहानपणीच शिकवले जाते की हे प्रथिन आपले, त्याच्यावर उठायचे नाही. ते प्रथिन घडी बदलून समोर आले तरी पेशी त्याच्यावर उठत नाही. यात तिची काही चूक नाही. तिने ऐन वेळी सहिष्णुता सोडली असती, तर आपल्याच चेतापेशींवर हल्ला झाला असता, आणि तसे आजारही आहेत. १९९२ मध्ये झुरिचच्या चार्ल्स वाइसमन यांच्या प्रयोगशाळेत या प्रथिनाचे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार झाले. पुढच्या वर्षी दिसले की त्यांना प्रायॉनची बाधा होतच नाही. पण मला त्या उंदरांची दुसरी गोष्ट अधिक विलक्षण वाटते. त्यांना हे प्रथिन टोचले की ते त्याच्याविरुद्ध जोरकस प्रतिपिंडे बनवतात. ज्याच्याकडे ते नाही, त्यालाच ते परके वाटते.

इथवरची गोष्ट न दिसण्याची आहे. ती इतकीच असती, तर रोगप्रतिकारक पेशींना या आजारात फक्त बघ्यांची भूमिका असती. तसे नाही.

१९६७ मध्येच कार्ल एक्लुंड, हॅडलो आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कातडीखाली स्क्रेपीचा अर्क टोचला आणि वेळोवेळी एकेक अवयव काढून त्यातला संसर्ग मोजला. मेंदूत काहीच सापडण्याच्या कितीतरी आठवडे आधी प्लीहा आणि लसिका ग्रंथी संसर्गाने भरल्या होत्या. हिवतापात जिला पांथरी वाढली असे आपल्याकडची जुनी माणसे म्हणत, तीच ही प्लीहा. मेंदूचा आजार, पण त्याचा पहिला मुक्काम प्रतिकारशक्तीच्या ठाण्यात. १९७० मध्ये एडिंबराच्या ह्यू फ्रेझर आणि ॲलन डिकिन्सन यांनी उंदरांची प्लीहा आधीच काढून मग पोटात स्क्रेपी टोचली. रोग उशिरा आला. थेट मेंदूत टोचली तेव्हा प्लीहा असण्या-नसण्याने काहीच फरक पडला नाही. पुढे लसिकापेशीच नसलेल्या, ज्यांना साधी सर्दीही जड जाईल अशा उंदरांवर प्रयोग झाले. बाहेरून दिलेल्या प्रायॉनपासून ते सहसा वाचत. दुबळी प्रतिकारशक्ती इथे संरक्षण ठरत होती.

आपण वर्षानुवर्षे प्रतिकारशक्तीला सैन्याच्या भाषेत ओळखतो. शाळेच्या पुस्तकापासून औषधाच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे पहारेकरी, तटबंदी, हल्ला. त्या भाषेत या प्रयोगांना एकच अर्थ उरतो, तो फितुरीचा. मला तो अन्यायाचा वाटतो. फितूर आपले काम सोडून शत्रूचे काम करतो. या पेशी शेवटपर्यंत स्वतःचेच काम करत होत्या, आणि ते चोख करत होत्या.

नेमक्या कोणत्या पेशी, हा प्रश्न सुटायला तीस वर्षे गेली. पहिला मोठा दुवा १९८७ मध्ये मिळाला. उंदरांच्या सर्व शरीरावर तीव्र किरणोत्सर्ग केला, म्हणजे झपाट्याने विभागणाऱ्या लसिकापेशी मरतात. तरीही रोगाच्या वेळापत्रकात बदल झाला नाही. म्हणजे प्रायॉन ज्या पेशीत मुक्काम करतो, ती न विभागणारी, दीर्घायुषी, किरणांना दाद न देणारी असली पाहिजे. १९९१ मध्ये जपानी संशोधकांना ती प्रत्यक्ष दिसली. क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा माणसांतला प्रायॉनचा आजार दिलेल्या उंदरांमध्ये बिघडलेले प्रथिन लसिका अवयवांतल्या फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींवर साठलेले होते.

या पेशीची ओळख करून घ्यायला हवी. प्लीहा, लसिका ग्रंथी, टॉन्सिल, आतड्याच्या भिंतीतले लसिकापुंज, या सगळ्यांत बी लसिकापेशींचे लहान लहान गोल कळप असतात. त्या प्रत्येक कळपाच्या मध्यभागी अनेक लांब, नाजूक फांद्या पसरून ही पेशी बसलेली असते. ती रक्तातून फिरत येत नाही. तिचे मूळ रक्तवाहिन्यांच्या कडेच्या आधारपेशींमध्ये आहे. तिचे काम गिळण्याचे नाही. इतर पेशी जंतू गिळून त्याचे तुकडे करतात. ही मात्र जंतूचा अंश रक्तातल्या पूरक (कॉम्प्लिमेंट) प्रथिनांच्या आणि प्रतिपिंडांच्या आधाराने आपल्या पृष्ठभागावर अखंड, न मोडता धरून ठेवते, महिनोन्महिने. बी पेशी येतात, त्या आकाराशी स्वतःला पडताळून पाहतात, अधिक नेमक्या होतात, निघून जातात. आठ वर्षांपूर्वी घेतलेल्या लसीची आठवण शरीरात टिकते, त्यामागे या जपणुकीचा वाटा आहे. जुन्या दफ्तरखान्यात रुमालात बांधलेले कागद जसेच्या तसे राखणारा दफ्तरदार असतो, तशी ही पेशी. कागदावर काय लिहिले आहे यावर त्याने निर्णय द्यायचा नसतो. तो पुसायचा नाही, फाडायचा नाही, मागेल त्याला दाखवायचा.

आता या पेशीपुढे प्रायॉन येतो. त्यावर पूरक प्रथिने चिकटलेली असतात, म्हणून ती त्याला धरते. ते तुकडे करण्याजोगे द्रव्य नाही, आणि तुकडे करणे हे तिचे कामही नाही, म्हणून ती ते जपून ठेवते. आणि तिच्याच पृष्ठभागावर ते निरोगी प्रथिनही विपुल असते, मेंदूबाहेरच्या बहुतेक पेशींपेक्षा अधिक. धरलेला प्रायॉन शेजारच्या निरोगी प्रथिनाची घडी बदलतो, ते पुढच्याची. जे नुसते जपायचे होते, ते तिच्याच अंगावर वाढू लागते. तिच्या स्वभावातला एकही गुण इथे वाया गेलेला नाही. धीर, अखंडता, दीर्घ आयुष्य, विपुलता, सगळे कामी आले, फक्त ज्याच्या कामी यायला हवे होते त्याच्या नव्हे.

हे सिद्ध होण्याच्या वाटेत एक वळण आले, आणि त्या वळणावर विज्ञानाबाहेरचाही एक निर्णय उभा राहिला. १९९७ मध्ये झुरिचच्या आद्रियानो अगुझ्झी यांच्या गटाने दाखवले की बी लसिकापेशी नसलेल्या उंदरांत बाहेरून दिलेला प्रायॉन मेंदूपर्यंत पोचत नाही. टी लसिकापेशी नसल्या तरी मात्र तो पोचतो. म्हणजे वाहक बी पेशी, असा सरळ अर्थ निघत होता. बी पेशी रक्तातून फिरतात. आणि ब्रिटनमध्ये त्या वेळी रक्ताचाच प्रश्न लोकांच्या मनात होता.

गायींच्या मेंदूच्या आजाराची, म्हणजे मॅड काऊची, पहिली ओळख १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये झाली होती. मांस-हाडांचा चुरा गुरांच्याच खाद्यात घातल्याने तो पसरला आणि त्या देशात १,८०,००० हून अधिक गायींना त्याची बाधा झाली. १९९६ च्या २० मार्चला आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितले की एडिंबराच्या पाहणी केंद्राला आढळलेल्या दहा तरुण रुग्णांचा नवा मेंदूविकार बहुधा गायींच्या आजाराशी निगडित आहे. क्रॉइट्झफेल्ट-याकोबचा नेहमीचा प्रकार दरवर्षी दहा लाखांत एक-दोघांना होतो आणि बहुधा साठीच्या पुढे. हे रुग्ण विशी-तिशीतले होते. आणि त्यांच्यात एक गोष्ट नेहमीच्या प्रकारापेक्षा फार वेगळी होती. त्यांच्या टॉन्सिलमध्ये, प्लीहेत, लसिका ग्रंथींमध्ये बिघडलेले प्रथिन ठासून भरले होते. एका रुग्णाचे अपेंडिक्स आजाराची पहिली लक्षणे दिसण्याच्या आठ महिने आधी काढलेले होते आणि रुग्णालयात जतन होते. ते तपासले तर त्यातही ते सापडले.

तेव्हा झुरिचचा शोध हाती धरून ब्रिटन सरकारने १९९८ मध्ये ठरवले की दान केलेल्या सगळ्या रक्तातून पांढऱ्या पेशी गाळून काढायच्या, आणि १९९९ संपण्याच्या आत ते देशभर सुरू झाले. दरम्यान, शास्त्र पुढे गेले. १९९८ मध्ये अगुझ्झी यांच्याच गटाने दाखवले की बी पेशींवर हे प्रथिन नसले तरी चालते. मग त्या कशाला लागतात? एडिंबराच्या मोइरा ब्रूस, कॅरन ब्राउन, नील मॅबट यांच्या आणि झुरिचच्या प्रयोगांतून पुढच्या दोन वर्षांत उत्तर आले. फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशी टिकून राहण्यासाठी बी पेशींकडून लिम्फोटॉक्सिन नावाचा संदेश सतत यावा लागतो. बी पेशी नसल्या की त्या पेशीही कोमेजतात आणि प्रायॉनला मुक्कामाची जागा राहत नाही. हा संदेश औषधाने थोपवला, अगदी एकदाच, तर त्या पेशी काही काळ विरून जातात आणि उंदरांचा रोग लांबतो.

म्हणजे रक्त गाळण्याचा निर्णय ज्या तर्कावर घेतला, तो अर्धाच बरोबर होता. निर्णय मात्र चुकला नाही. २००३ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनने रक्तसंक्रमणातून हा आजार झाल्याचा पहिला संभाव्य रुग्ण जाहीर केला. पुढे असे आणखी दोन आढळले. चौथ्या व्यक्तीला मेंदूविकार झालाच नाही. ती दुसऱ्याच कारणाने गेली, पण तिच्या प्लीहेत आणि एका लसिका ग्रंथीत बिघडलेले प्रथिन होते. चौघांनाही मिळालेले रक्त पांढऱ्या पेशी न गाळलेले होते. अपुऱ्या ज्ञानावर वेळेत पाऊल उचलणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. संपूर्ण पुराव्यासाठी थांबले असते, तर थांबण्याची किंमत दुसऱ्याच कुणी मोजली असती.

या भयाची सावली आपल्या लोकांपर्यंतही आली होती. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याहून उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला जाऊन मग अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी डॉक्टरांना तिथे रक्तदान करता येत नसे, कारण १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये तीन महिने राहिलेल्या कुणाचेच रक्त अमेरिका घेत नव्हती. हे निर्बंध २०२२ मध्ये उठले.

प्लीहेतून मेंदूपर्यंतची वाट आता बऱ्यापैकी माहीत आहे. खाण्यातून आलेला प्रायॉन आतड्याच्या भिंतीतल्या एम पेशींमधून आत शिरतो. आतड्यातला माल उचलून प्रतिकारशक्तीपुढे ठेवणे हेच त्या पेशींचे काम. एम पेशी काढून टाकल्या की उंदरांना तोंडावाटे बाधा होत नाही, हे एडिंबरात सिद्ध झाले. तिथून फिरत्या डेंड्रिटिक पेशी त्याला लसिकापुंजात नेतात. तिथे तो वाढतो, मग जवळच्या स्वायत्त चेतातंतूंना लागतो आणि त्यांच्यातून उलट्या दिशेने पाठीच्या कण्यात आणि मेंदूत चढतो. यातला एक बारकावा फार बोलका आहे. प्लीहेत त्या जपणाऱ्या पेशी आणि चेतातंतू यांच्यात थोडे अंतर असते. २००३ मध्ये झुरिचच्या गटाने असे उंदीर घेतले, ज्यांच्यात एका जनुकाच्या अभावाने ते अंतर घटले होते. रोग लवकर मेंदूत पोचला. काही मायक्रोमीटरच्या जागेवर महिने अवलंबून होते.

आणि शरीरातली ही ठिकाणे कायमची ठरलेली नाहीत. प्रदीर्घ दाह असला की जिथे लसिकापुंज नसावेत तिथेही ते उगवतात, आणि त्यांच्याबरोबर या पेशीही. २००५ मध्ये दाखवले गेले की यकृत, मूत्रपिंड किंवा स्वादुपिंड सुजलेल्या उंदरांमध्ये प्रायॉन त्या अवयवांतही साठतो, जिथे तो एरवी कधी सापडत नाही. मूत्रपिंड सुजले असेल, तर लघवीतूनही बाहेर पडतो. याच वर्षी इटलीतल्या सार्डिनियाच्या मेंढ्यांमध्ये, स्क्रेपीबरोबर कासेचा दाह असेल तेव्हा, बिघडलेले प्रथिन कासेत सापडले. तो दाह माएदी-विस्ना या विषाणूने झालेला होता. आइसलंडच्या ब्योर्न सिगुर्डसन यांनी १९५४ मध्ये ‘संथ संसर्ग’ ही कल्पना मांडली, ती मेंढ्यांच्या याच माएदीवरून आणि स्क्रेपीवरून. त्यांनी कल्पनेत एकत्र बांधलेले दोन आजार पन्नास वर्षांनी एकाच कासेत भेटले, एकाने दुसऱ्याला जागा करून दिली. सिगुर्डसन हे पाहायला नव्हते. ते १९५९ मध्येच गेले होते.

उत्तर अमेरिकेतल्या हरणांना होणाऱ्या क्षयकारक आजारात प्रायॉन लसिका अवयवांत असाच भरतो आणि लाळ, लघवी, विष्ठेतून मातीत पडतो. म्हणूनच तो कळपातून कळपात धावतो. उलट, गायींच्या आजारात तो बहुतांशी चेतासंस्थेतच राहतो, आणि गायीपासून गायीला तो सहसा होत नाही. तोच गायीचा प्रायॉन माणसात आला की लसिका अवयव व्यापतो. प्रत्येक प्रकाराची घडी निराळी, आणि कुठे मुक्काम करायचा हे त्या घडीतच ठरलेले असते. २०१२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवले की दुसऱ्या जातीच्या प्राण्याचा प्रायॉन मेंदूत जिथे रुजत नाही तिथे प्लीहेत रुजतो. जातींमधली भिंत मेंदूत उंच, प्लीहेत ठेंगणी. गायींच्या आजारातून माणसांना किती बाधा झाली हे फक्त मेंदू पाहून ठरवले, तर हिशेब चुकण्याचा संभव यातच आहे.

तरुणांनाच हा आजार का झाला, याचा एक धागाही इथेच लागतो. ब्रिटनमध्ये या प्रकाराचे १७८ रुग्ण झाले, आणि मृत्यूच्या वेळी त्यांचे मध्यक वय अठ्ठाविसाच्या आसपास होते. बाधित गायींचे मांस तर म्हाताऱ्यांनीही खाल्ले. मॅबट यांच्या गटाने म्हाताऱ्या उंदरांवर प्रयोग केला. वयाबरोबर त्यांच्या फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींची घडण ढिली होते आणि पूरक प्रथिनांत गुंडाळलेले द्रव्य त्यांना नीट धरता येत नाही. बाहेरून दिलेला प्रायॉन त्यांच्या प्लीहेत जमला नाही आणि उरलेल्या आयुष्यात ते आजारी पडले नाहीत. खाण्याच्या सवयी वगैरे इतर कारणेही असतील. पण तारुण्यातली उत्तम, जागरूक प्रतिकारशक्ती हेच या आजाराचे दार असावे, ही कल्पना सहन व्हायला कठीण आहे. त्या मुलांच्या आई-वडिलांनी त्यांना वेळेवर लसी टोचल्या असतील, दूध-भाजी खायला घातली असेल, शरीर बळकट व्हावे म्हणून जिवापाड काळजी घेतली असेल.

मेंदूत पोचल्यावर चित्र थोडे बदलते. तिथल्या मायक्रोग्लिया पेशी ही मेंदूची स्वतःची सफाई यंत्रणा. त्या प्रायॉनभोवती जमतात, फुगतात, दाहकारक द्रव्ये सोडतात, म्हणून बराच काळ त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. मग झुरिचमध्ये आणि अमेरिकेतल्या ब्रूस चेसब्रो यांच्या प्रयोगशाळेत त्या काढून टाकून पाहिल्या. रोग झपाट्याने वाढला. म्हणजे या पेशी काही प्रमाणात प्रायॉन गिळून संपवत होत्या. प्रतिपिंडाशिवाय, बर्नेट यांनी सांगितलेल्या कोणत्याही ओळखीशिवाय, निव्वळ मलबा म्हणून. परके म्हणून जे कुणाला दिसले नाही, ते कचरा म्हणून तरी एका पेशीला दिसले. शरीराला वस्तू ओळखण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत. स्व आणि पर या दोन कप्प्यांत सारे जग बसवण्याचा मोह आपल्याला तत्त्वज्ञानातही होतो आणि समाजातही. मायक्रोग्लिया त्या कप्प्यांकडे न पाहता समोर पडलेले मोडके उचलते.

उपचाराचा विचार याच ओळखीशी येऊन भिडतो. ज्या उंदरांत हे प्रथिन नाही, त्यांना ते परके वाटते. मग त्यांच्याकडून प्रतिपिंडे मिळवून आपल्याला का देऊ नयेत? लंडनच्या जॉन कॉलिंज यांच्या गटाने हेच केले. २००३ मध्ये त्यांनी दाखवले की अशी प्रतिपिंडे दिलेले उंदीर बाधा होऊनही तीनशेहून अधिक दिवस जास्त निरोगी जगले. अट एकच, रोग प्लीहेत असताना ती द्यायला हवीत. लक्षणे सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग झाला नाही. त्यातल्याच एका प्रतिपिंडाला मानवी रूप देऊन ते सहा रुग्णांना देण्यात आले, त्याचा वृत्तांत २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधाने इजा झाली नाही, ते मेंदूपर्यंत पोचले, तिघांची स्थिती काही काळ स्थिरावल्यासारखी दिसली. सहाही जण वारले.

म्हणून सगळा भर आता लक्षणांच्या आधीच्या काळावर आहे, आणि बाहेरून आलेल्या बाधेत तो काळ म्हणजे प्लीहा-टॉन्सिलमधला मुक्काम. कुरूमध्ये तो पन्नास वर्षांहूनही लांबला होता. ब्रिटनमध्ये शस्त्रक्रियांतून जमा झालेली ३२,४४१ अपेंडिक्स तपासली गेली आणि २०१३ मध्ये निष्कर्ष आला. सोळांमध्ये बिघडलेले प्रथिन होते, म्हणजे साधारण दोन हजारांत एक. नंतरच्या पाहणीत गायींच्या साथीच्या आधीच्या आणि नंतरच्या काळातल्या २९,५१६ नमुन्यांत सात आढळले. त्यामुळे या सोळांचा अर्थ काय, हा वाद अजून मिटलेला नाही. त्या सोळा माणसांपैकी कुणालाही ते कळवले गेले नाही, कळवता येणारही नाही. नमुन्यांवरची नावे तपासणीआधीच कायमची पुसली होती. उपाय नसलेली बातमी कुणाच्या दारात नेऊन ठेवायची नाही, असा तो विचार होता, आणि त्या वेळी तो दयाळूच होता. पण मेंदूत जाण्याआधी या रोगाला थोपवणारे प्रतिपिंड किंवा दुसरे औषध हाती आले, तर पुढच्या पाहणीत नावे पुसता कामा नयेत असे मला वाटते. तेव्हा ते अपेंडिक्स ज्याचे, त्याला त्याचा निकाल विचारण्याचा आणि हवा तर न विचारण्याचाही हक्क राहिला पाहिजे.